बिनआवाजाचं जेवण

आमच्या गल्लीत दुपार झालेली कानांना कळायची. सकाळपासून घराघरांत पॉवरलूम, आमच्या भाषेत नुसते माग, खटाखट चालू असत. शनवाऱ्याच्या चौकाकडून गल्लीत वळलं की आधी आवाज अंगावर यायचा आणि मग घरं दिसायची. सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला भिंतीवरचं कॅलेंडर, फळीवरच्या बरण्या आणि पाहुण्यांचे दात असं सगळं एका तालात थरथरायचं. मग जेवणाची वेळ झाली की एकेका घरातला खटका खाली पडायचा. आधी कोपऱ्यावरचं घर, मग समोरचं, मग आमचं. शेवटचा माग थांबला की इतकी शांतता पसरायची की आईच्या तव्यावरची भाकरी फुगताना ऐकू यायची. हे मी सांगते तेव्हा आमचे यजमान म्हणतात, "भाकरी फुगताना आवाज होत नाही." होतो. मागवाल्याच्या घरात न वाढलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?

नाना, म्हणजे माझे वडील, खटका पाडायचे तो एक सोहळाच असे. आधी धोतराला हात पुसायचे, मग सगळ्या मागांवरून एकदा नजर फिरवायचे, आणि मग नाटकाचा पडदा पाडावा तसा खटका खाली. तेजीच्या दिवसांत शेजारचे लोक पाळीपाळीने जेवायचे, पण माग चालू ठेवायचे. नाना नाही. "दिवसभर यंत्राचं ऐकतो. घासभर जेवेपर्यंत माणसांचं ऐकू द्या," हे त्यांचं उत्तर ठरलेलं. मागच्या खोलीतून कारागीर बाहेर यायचे, केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, सगळे अवेळी म्हातारे झाल्यासारखे. ओसरीवर एकच लांब सतरंजी. नाना, करीमचाचा, आणखी दोघे, मग मी आणि ताई. करीमचाचा आमचे मुख्य कारागीर. बिघडलेला माग ते डॉक्टरसारखा कान लावून तपासायचे. त्यांच्या घरून डबा यायचा, त्यात रुमालासारखे घडी घातलेले मांडे आणि आमच्या पंगतीत बसायचं म्हणून मुद्दाम केलेलं बिनमांसाचं कालवण. ते मांडे आमच्या ताटात यायचे आणि आईची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी त्यांच्या डब्याच्या झाकणात जायची. ही अदलाबदल कोणी कधी ठरवली हे मला माहीत नाही. माझ्या जन्माआधीच ठरली असणार.

गंमत अशी की एवढी शांतता मिळायची आणि आम्ही तिची पार वाट लावायचो. सकाळपासून ओरडून बोलायची सवय. माग थांबले तरी गळे थांबत नसत. "मीठ दे" हे तीन घरं ऐकायची. समोरच्या काकूंनी आपल्या सुनेविषयी आईच्या कानात सांगितलेलं गुपित सुनेनेच आपल्या ओट्यावर बसून ऐकलं होतं, आणि तिथूनच उत्तरही दिलं होतं. गल्लीतली भांडणं, समेट, बोलणी, सगळं जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवलेलं असायचं, कारण इतर वेळी कोणाला काही ऐकूच जात नसे. सोयरिकीसुद्धा दुपारीच ठरायच्या. आमच्या गल्लीत कांदेपोहे नव्हते, थेट जेवणच होतं.

आणि माग चालू असताना? तेव्हा आम्ही बिनआवाजाचं बोलायचो. हा आमचा शब्द. "बिनआवाजाचं सांग" म्हणजे ओठ हलव, गळा बंद ठेव. समोरचा माणूस तुमचे ओठ वाचणार, आणि ओठ पुरले नाहीत तर हात होतेच. मिशीवर बोट म्हणजे पुरुष, कपाळावर बोट म्हणजे बाई, दोन तळवे पुस्तकासारखे उघडले म्हणजे शाळा-कॉलेज. आईने स्वयंपाकघरातून हवेत चमचा ढवळला की मागच्या खोलीच्या टोकाला चहा कळायचा. आम्ही हे शिकलो नाही, चालायला लागलो तसं तेही आलं. त्यात माझा हात, म्हणजे ओठ, कोणी धरू शकत नव्हतं. समोरच्या गच्चीवरच्या दोन बायका काय बोलतायत ते मी नानांना खालून ऐकवायची, दोघींचे आवाज काढून. फक्त मी त्यात थोडं रंगवायची. थोडं म्हणजे, मूळ गोष्ट एवढीशी असली तर मी तिला नऊवारी नेसवायची. त्यामुळे घरात एक कायदा झाला होता: छबूचं, म्हणजे माझं, ऐकायचं, पण निम्मं सोडून द्यायचं.

(हे अंगात मुरलेलं जात नाही. आमच्या ऑफिसात आता साहेबांसाठी काचेची केबिन झाली आहे. दार लावलं की आपलं बोलणं बाहेर जात नाही, असा साहेबांचा समज आहे. मी समोरच्या टेबलावर बसून भेंडीची भाजी खाते आणि मला सगळं कळतं. कोणाची बदली कुठे होणार हे बाकीच्यांना आधीच कसं समजतं, याचा शोध चालू आहे. चालू राहू दे.)

आता ताईचं सांगते. कुंदाताई माझ्याहून मोठी, आणि सगळ्या बाबतींत माझ्या उलट. मी बोलायची, ती पाहायची. ती बी.ए. झाली होती आणि तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचं होतं. नुसती हौस नव्हती. गल्लीतल्या पोरांना ती संध्याकाळी ओसरीवर पाढे शिकवायची, तेही मागांच्या आवाजात, हातांनी. तिची एकच अट होती: लग्न करीन, पण बी.एड. पुरं करीन आणि नोकरी करीन. या अटीवर दोन स्थळं निघून गेली होती. एका ठिकाणी "आमच्याकडे सुना बाहेर जात नाहीत" म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी तेवढंही बोलले नाहीत. नाना काही म्हणत नव्हते, पण आईची भाकरी हल्ली एका बाजूने करपायला लागली होती. ती विचारात असली की तसं व्हायचं.

मग निंबोला गावचं स्थळ आलं. केळीचे बागाईतदार, मुलाचं नाव विलास. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेला. मध्यस्थाने निरोप आणला की मुलीची अट मुलाला मान्य आहे, त्याने तसा शब्दच दिलाय. "मुलाला मान्य आहे," नाना म्हणाले, "आणि घराला?" मध्यस्थ म्हणाला, "ते समोरासमोर विचारा." म्हणून त्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. सुट्टीत. शांततेत.

त्या दिवशी सकाळीच लाइट गेली. नाना खूश. सगळी गल्ली मसणासारखी शांत, ते म्हणाले, आणि आईने "आज तरी चांगलं बोला" म्हणून त्यांना झापलं. आईने वांग्याचं भरीत, पाटवड्यांचा रस्सा, पोळ्या-भाकरी असा बेत केला होता, शनवाऱ्यातून दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मऊ मिठाई, आणला होता, आणि एका वाटीत ठेचा होता. तो ठेचा माझ्या हातचा. आमच्या घरात तो वाढायच्या आधी माणसाला विचारून घ्यायची पद्धत होती.

पाहुणे तिघे आले. विलासराव, उंच, सावळे, मिशी नवीन आणि तिच्याबद्दल थोडे संकोचलेले. त्यांचे वडील तात्या, ज्यांनी त्या दिवशी जेवणाखेरीज तोंड उघडलं नाही. आणि गोदाआत्या. काठापदराचं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि चाल अशी की ओसरी त्यांच्या नावावर आहे. पाहुणे भिंतीशी ओळीने बसले. त्यांच्यासमोर नाना. ताई स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर, तिच्यामागे चुलीपाशी आई. कारखान्याच्या, म्हणजे मागच्या खोलीच्या, दारात करीमचाचा नुसतेच उभे, आणि वाढायला मी.

ताटं मांडली, नानांनी घसा खाकरला, "तर मग," एवढं म्हणाले, आणि लाइट आली.

सगळ्या गल्लीची सकाळ बुडाली होती. त्या दिवशी जेवणासाठी कोण थांबतं? एका दमात शेजारचे, समोरचे, मागचे, सगळे माग सुरू झाले. आमचे बंद होते, पण त्याने काय फरक पडतो? गोदाआत्यांचा पाण्याचा पेला फरशीवर हळूहळू चालत तात्यांच्या ताटाकडे निघाला. विलासरावांनी वर पाहिलं, छत पडतंय का म्हणून. नाना हात जोडून काहीतरी म्हणाले, ते नानांनाही ऐकू आलं नसेल.

पण आत्याबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढे वाकून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून त्यांनी ताईकडे पाहत आरोळी ठोकली, "पोरी! शिक्षन पुरं कर! आम्हाले काई हरकत नाई!" नानांचा चेहरा फुलला. आईने पदराने डोळे टिपले. मी मनातल्या मनात मांडव घातला.

मग आत्याबाई मागे टेकल्या, भाच्याच्या कानाशी झुकल्या आणि अगदी सावकाश, घरातल्यासारखं बोलू लागल्या. एवढ्या गोंगाटात समोरच्यांना काय ऐकू येणार, असा त्यांचा हिशेब! त्या म्हणाल्या, "हो म्हनायले काय जातं? लगन झालं का मंग कोन शिकते? एक पोर झालं का पुस्तकं माळ्यावर."

आमच्या घरच्या चारही जणांनी हे वाचलं. कारखान्याच्या दारातून पाचव्यानेही.

ओसरीवर काहीच झालं नाही. कोणाचा घासही चुकला नाही. नुसते हात बोलत होते. नानांनी पोळी तोडता तोडता दोन बोटं आडवी फिरवली: नाही म्हणू? आईने चुलीपाशी कपाळावर बोट ठेवून पदर झटकला, म्हणजे ही बाई अशी असेल तर नकोच. ताईने मांडीवरचा तळहात किंचित दाबला: थांबा. आणि मी? मी ठेच्याची वाटी उचलली. न विचारता आत्याबाईंच्या ताटात मोठा चमचाभर वाढला. मनात म्हटलं, घ्या, ही तुमची हरकत.

त्यांनी पोळीच्या तुकड्यावर घेऊन तोंडात घातला. मी वाट पाहत उभी राहिले. त्यांचे डोळे पाणावले, नाक लाल झालं, आणि चेहऱ्यावर असा आनंद पसरला की विचारू नका. बोटाने ताट दाखवलं: अजून. माझ्या सुडाचं हे असं झालं.

मधल्या वेळात ताई एकटक पाहत होती. तिच्या आयुष्याचं ठरत होतं आणि ते ओठांवर होतं. न पाहून कसं चालेल? पण मुलीने खाली मान घालून बसायचं असतं. आत्याबाईंनी ठेचा गिळला आणि भाच्याला म्हणाल्या, "पोरगी लईच टक लावून पाहते रे. डोळे खाली नाईत हिचे."

त्याच क्षणी ताईची मान खाली गेली. नानांचीही गेली. आईने पाठ फिरवली. आमचं सगळं कुटुंब एका झटक्यात, कवायतीत असल्यासारखं, जमिनीकडे पाहू लागलं. आत्याबाईंनी चकित होऊन इकडेतिकडे पाहिलं. पण आपलं बोलणं यांना दिसलं, हे सुचायला त्या निंबोल्याच्या होत्या, आमच्या गल्लीतल्या नव्हत्या.

मान फक्त माझी खाली गेली नाही. ती कधीच जात नाही, अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे विलासरावांचं उत्तर घरच्यांपैकी एकट्या मीच पाहिलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला आणि आत्याकडे वळून म्हणाले, "आत्या, मी शब्द दिला आहे. ती शिकन, शाळेतही जाईन. तुले नसन पटत तर आत्ताच उठू. पन त्या पोरीले फसवून घरात नाई आनायचं." आत्याबाई काहीतरी बोलल्या, त्यांनी मान हलवली, पुन्हा तेच म्हणाले, आणि मगच घास उचलला.

मी पाण्याचा तांब्या घेतला आणि ताईपाशी जाऊन बसले. तिच्या पेल्यात पाणी ओतून, तिच्या पदराच्या आडून, बोटांनी सगळं सांगितलं. मिशीवर बोट. ओठांपासून छातीपर्यंत: शब्द दिला. दोन तळवे उघडले: शिक्षण. मग उठून जायची खूण, आणि मान ठाम हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अक्षर वाढवलं नव्हतं.

ताईने न हलता माझ्याकडे पाहिलं. आणि तर्जनी मधोमध कापल्याची खूण केली. निम्मं?

आता बघा माझी दशा. इतकी वर्षं मी गोष्टी रंगवल्या, आणि ज्या दिवशी सरळ सत्य हातात आलं त्या दिवशी ते घ्यायला गिऱ्हाईक नाही. मी गळ्याला चिमटा लावला, आईची शपथ घेतली, विद्येची घेतली. ताईची तर्जनी तशीच. तिचं चुकत नव्हतं. खोट्या गोष्टीवर हो म्हणाली असती तर पुस्तकं माळ्यावर गेली असती, आणि खऱ्या गोष्टीवर नाही म्हणाली असती तर असा माणूस पुन्हा आला नसता. एवढं सगळं माझ्या भरवशावर, आणि माझा भरवसा निम्मा.

तेवढ्यात ताईची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी वळून पाहिलं. कारखान्याच्या दारात करीमचाचा. विलासरावांचे ओठ त्यांनीही वाचले होते. त्यांनी आपले दोन्ही तळवे हळूच उघडून दाखवले, दुआ मागताना उघडतात तसे, भरलेले. सगळं. बिटिया, सगळं खरं.

आणि लाइट गेली.

गल्लीतला प्रत्येक माग धोटा हवेत असताना थांबला. त्या भल्या मोठ्या शांततेत गोदाआत्यांची भाच्याला मारलेली हाक एकटीच उरली, खणखणीत, चार घरं ऐकतील अशी, "मले लाज वाटते रे, तू माग ना अजून ठेचा!"

समोरच्या ओट्यावरून कोणीतरी हसलं. मग नाना हसले, मग करीमचाचा, आणि तात्यांना तर ठसकाच लागला. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसण्यात ताई उठून उभी राहिली. मान वर. थेट विलासरावांकडे पाहून, आमच्या घराण्याला न शोभणाऱ्या हळू आवाजात म्हणाली, "मी बी.एड. करणार आहे, आणि मग शाळेत शिकवणार आहे. तुम्हाला चालेल ना?"

"चालेल," विलासराव म्हणाले.

"मग मलाही."

आत्याबाईंनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पाहुणे गेल्यावर करीमचाचा नानांना म्हणाले, "नानाभाई, लड़का खरा है. बुआ को तो बिटिया सँभाल लेगी." मग राहिलेले आम्ही जेवायला बसलो. त्या दिवशी भाकरी कुठेच करपली नव्हती.

सांभाळणं सोपं गेलं असं नाही. परीक्षेच्या तोंडावर आत्याबाईंनी पाहुणे बोलावले, पापड लाटायला काढले, कंबर धरून झोपल्या. पण ताईला आधीच सगळं माहीत होतं, त्यामुळे धक्का बसायचा नाही आणि रागही फार टिकायचा नाही. विलासराव तिला मोटरसायकलवर बसवून कॉलेजला सोडायचे. ती पास झाली, गावच्याच शाळेत लागली, आणि पहिल्या दिवशी शाळेत जाताना तिला दही-साखर कोणी दिली असेल? आत्याबाईंनी. चेहरा वाकडा करून, पण दिली.

नाना आता नाहीत, करीमचाचाही नाहीत. आमच्या मागच्या खोलीत भाडेकरू राहतो, आणि दुपार गल्लीत कधी येते ते कळत नाही. गोदाआत्या मात्र आहेत. वयाने त्यांचे कान पार गेले. यंत्र लावून पाहिलं, तर म्हणाल्या की त्यात नुसती खरखर ऐकू येते. घरात त्यांच्याशी बोलणं सगळ्यांनी हळूहळू सोडून दिलं होतं, ताईखेरीज. शाळेची मधली सुट्टी झाली की ताई घरी येते, आत्याबाईंच्या समोर ताट घेऊन बसते, आणि ओठ मोठे करून, गळा बंद ठेवून, त्यांना शाळेतलं सगळं सांगते. कोणत्या पोराने आज काय उत्तर दिलं, कोण रडलं, कोणाच्या डब्यात काय होतं. आत्याबाई घासागणिक वाचत असतात. ताईनेच शिकवलंय त्यांना. मध्येच हातवारे होतात, मध्येच हसतात, आणि त्या घरात भांड्यांखेरीज कसला आवाज नसतो.

परवा मी गेले तेव्हा त्यांच्या पंगतीला बसले. भरीत होतं, ठेचाही होता. आत्याबाई भाकरी मोडता मोडता एकाएकी थांबल्या. ताईच्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कुठेतरी लांब. काहीतरी जुनं त्यांच्या डोक्यात हळूहळू जुळत होतं. मला ते अक्षरशः दिसत होतं. मग त्यांनी बिनआवाजाचं विचारलं, "त्या दिवशी… तुम्हाले सगळं समजलं होतं?"

ताईने मान हलवली. हो.

आत्याबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. त्यांचे ओठ दोनदा हलायला गेले आणि थांबले. ताईने त्यांच्या ताटात भाकरीचा मऊ भाग ठेवला, दातांना सोसेल तो. मग त्यांनी डोळे बारीक केले आणि पुढचं विचारलं, "मंग ठेचा? तो मुद्दाम वाढला होता?"

ताईने तत्परतेने माझ्याकडे बोट दाखवलं. बहीण ती बहीणच.

आत्याबाईंनी मला नखशिखान्त पाहून घेतलं. आणि मग ताट माझ्यापुढे सरकवून, ओठ चांगले मोठे करून, मला नीट वाचता यावं म्हणून, म्हणाल्या, "वाढ मंग."

मी वाढला. त्यांना विचारलं नाही.